दुसऱ्या कंपनीची लेन्स लावलीत? कॅमेऱ्याला तिचा आकडा खरा सांगा

पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की माझ्या संध्याकाळी कॉलेजांच्या हॉलमध्ये जातात. फ्लॅश मारायचा नाही, वर दोनच ट्यूबलाइट. अशा उजेडात शटर स्पीड १/३० पर्यंत खाली आणावा लागतो आणि हाताची थरथर सावरायला कॅमेऱ्याचं सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन हाच आधार असतो. मागच्या वर्षी त्याच आधारावर विसंबून मी एका तालमीचे सगळे फोटो घालवले. नटांचं सोडा, मागची लाकडी खुर्चीसुद्धा प्रत्येक फोटोत दोनदा उमटली होती. "ताई, शेवटच्या प्रसंगाचा एकही नाही का?" असं त्यातल्या एका मुलीने विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

लेन्स चांगली होती. आधी मी जुनी मॅन्युअल १३५ मिमी लावली होती, मग ती काढून तशीच जुनी ५० मिमी चढवली. कॅमेऱ्याच्या मेनूत मात्र फोकल लेंग्थचा (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला) १३५ हाच आकडा राहिला.

यात बिघडतं काय, ते नीट समजून घ्या. कॅमेऱ्यातला जायरो फक्त कॅमेरा किती अंशाने वळला एवढंच मोजतो. त्या वळण्याने सेन्सरवरचं चित्र किती सरकेल, हे फोकल लेंग्थवर ठरतं. हात ०.१ अंश हलला, तर ५० मिमीच्या लेन्समध्ये चित्र सुमारे ०.०९ मिमी सरकतं, १३५ मध्ये ०.२४ मिमी. माझा कॅमेरा १३५ समजून सेन्सर ०.२४ मिमी हलवत होता, म्हणजे ०.१५ मिमी जास्तीचं. स्टॅबिलायझेशन बंद असतं तर चूक ०.०९ चीच राहिली असती! म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा: टाकलेला आकडा खऱ्याच्या दुपटीहून मोठा असेल तर स्टॅबिलायझेशन बंद ठेवलेलं बरं. आकडा कमी पडला तर फायदा थोडा कमी होतो, पण फोटो बिघडत नाही. जुनी ७०-२१० ची मॅन्युअल झूम लावून सतत झूम करणार असाल, तर ७० टाका.

जुन्या मॅन्युअल लेन्सला कॅमेऱ्याशी बोलणारे इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट नसतात, म्हणून तिचा आकडा आपणच भरायचा असतो. लेन्सवर छापलेलाच भरा. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे म्हणून ५० चे ७५ करू नका, ती फार सर्रास होणारी चूक आहे. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये फोकल लेंग्थ कमी करणारा ०.७१ चा फोकल रिड्यूसर असेल तर मात्र गुणाकार करा, ५० चे साधारण ३५ होतात. मी आता प्रत्येक लेन्सच्या मागच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावून आकडा ठळक लिहिला आहे. झाकण काढताना तो डोळ्यांसमोर येतोच.

लेन्सला किंवा ॲडॅप्टरला (दुसऱ्या कंपनीची लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याला) चिप असेल तर एक फोटो काढून त्याची माहिती उघडा. तिथे फोकल लेंग्थ खरी दिसते का? काही ॲडॅप्टर कुठलीही लेन्स लावली तरी एकच ठरलेला आकडा पाठवतात. आकडा दिसतच नसेल तर कॉन्टॅक्ट कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून पुन्हा बघा. पावसाळ्यात हे आधी करा.

चाचणीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय उत्तम. दोन-अडीच मीटरवर उभं राहा, ५० मिमीला शटर १/१५ ठेवा, दहा फोटो स्टॅबिलायझेशन चालू ठेवून आणि दहा बंद करून काढा. मग तारखांखालची बारीक अक्षरं मोठी करून बघा. शिरोरेषा दुहेरी दिसली तर कॅमेरा वर-खाली हललाय. काना दुहेरी दिसला तर आडवा. शिरोरेषा आणि काना सारखेच धूसर असतील तर बहुधा फोकस चुकलाय, त्यात स्टॅबिलायझेशनचा दोष नाही. 'बंद'चे फोटो 'चालू'पेक्षा चांगले आले, तर गडबड नक्की.

लेन्समध्येही स्वतःचं स्टॅबिलायझेशन असेल (टॅमरॉनवर व्हीसी, सिग्मावर ओएस लिहिलेलं असतं), तर चाचणी तीनदा करा: फक्त लेन्सचं, फक्त कॅमेऱ्याचं, दोन्ही. दोघांचं आपसात ठरलेलं असेल तर ते काम वाटून घेतात. ठरलेलं नसेल तर एकच थरथर दोघंही सावरतात आणि चित्र उलट बाजूला ढकललं जातं. काही कॅमेऱ्यांत लेन्सवरचं बटण दोन्ही एकदमच चालू-बंद करतं, तेव्हा मेनू बघून खात्री करा. दोन्ही मिळून वाईट दिसले, तर लांब लेन्सवर मी लेन्सचंच चालू ठेवते.

मग फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बघा, कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं, दोन्ही. नवा कॅमेरा घेतल्यावर जुन्या लेन्सचं अपडेट राहून जातं. टॅमरॉनच्या अलीकडच्या बऱ्याच लेन्सवर यूएसबी-सी पोर्टच असतं, ते घरीच कॉम्प्युटरला जोडता येतं.

मेकअप रूममध्ये काजळ घालणारा हात अगदी जवळून टिपायचा असेल, तर मॅन्युअल लेन्सवर फार भरवसा नको. इतक्या जवळून कॅमेरा वळण्यापेक्षा त्याचं बाजूला सरकणंच जास्त नडतं आणि ते सावरायला अंतर कळावं लागतं. ही लेन्स ते सांगत नाही. तिथे मी शटर १/१२५ करते, आयएसओ वाढवते आणि कोपर आरशाच्या टेबलावर टेकवते.