जर्मनीतल्या फ्लॅटमध्ये भाजणीची चकली

दिवाळीचा अख्खा फराळ एकटीने करायचा हट्ट इथे धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीत दिवाळीची सुट्टी नाही, ऑफिस सुरूच असतं. एका शनिवार-रविवारात चिवडा, शेव, शंकरपाळे, करंज्या, लाडू आणि चकल्या उरकायला गेलं, तर लक्ष्मीपूजनाला उभं राहायची ताकद उरत नाही. आम्ही ओळखीची मराठी घरं पदार्थ वाटून घेतो. प्रत्येक घरात एकच पदार्थ, पण भरपूर, आणि मग डब्यांची अदलाबदल. चकली माझ्याकडे आली, कारण पितळी सोऱ्या माझ्याकडे आहे. तर हे सगळं चकलीबद्दल.

भाजणी घरीच करा. तयार पाकीट भारतीय दुकानात मिळतं, पण ते फळीवर किती महिने बसलेलं आहे हे बघा. जुनी भाजणी खवट लागते आणि तो वास तळताना जात नाही. माझं प्रमाण : ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी मूग डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे आणि २ चमचे जिरे. बासमती घालून पैसे वाया घालवू नका. सुपरमार्केटमधला साधा लांब दाण्याचा तांदूळ चालतो, फक्त पाकिटावर ‘पार्बॉइल्ड’ लिहिलेलं नको, तो उकडा असतो.

तांदूळ आणि डाळी धुऊन, निथळून, पंचावर पसरायच्या. ऊन नाही म्हणून रडायचं कारण नाही. ऑक्टोबरात घरातले हिटर सुरू झाले की हवा इतकी कोरडी होते, की रात्री हिटरजवळच्या टेबलावर पातळ पसरलेले दाणे सकाळी हाताला सुटे लागतात. हाताला जरा जरी गार-ओलसर लागले तर आणखी थांबा.

भाजताना प्रत्येक धान्य वेगळं आणि आच मंद. तांदूळ फुलून पांढराशुभ्र झाला आणि दाताखाली सहज कुरकुरला की झाला. हरभरा डाळ गुलाबीसर, मूग आणि उडीद खमंग वास सुटेपर्यंत, पोहे चुरचुरीत होईपर्यंत. धणे-जिरे नुसते गरम करायचे. घाई झाली तर डाळ बाहेरून लाल होते, आत कच्ची राहते, आणि मग चकलीला बेसनाचा उग्र वास येतो.

दळण हा इथला खरा प्रश्न, कारण कोपऱ्यावर गिरणी नाही. पण घरी पाव भाजणाऱ्या बऱ्याच जर्मन लोकांकडे दगडी जात्याची छोटी विजेची चक्की असते. शेजारी विचारून बघा. अशा चक्कीत तांदूळ-डाळी-पोहे पूर्ण गार झाल्यावरच घालायचे. धणे-जिरे मात्र मिक्सरमध्ये वेगळे वाटा, तेलकट मसाल्याने दगड चिकट होतात आणि चक्कीची मालकीण पुढच्या वर्षी दार उघडत नाही. चक्की नसेल तर मिक्सर आहेच : भांडं अर्धंच भरायचं, मध्ये थांबायचं, बारीक चाळणीने चाळायचं, वरचा रवा परत फिरवायचा. रवाळ पीठ सोऱ्यात अडकतं आणि चकली जागोजागी तुटते. आणि हे काम रात्री १० नंतर किंवा रविवारी करू नका. ती शांततेची वेळ असते आणि मिक्सरचा आवाज खालच्या मजल्यावर व्यवस्थित पोचतो. रविवारी दुकानंही बंद, म्हणून तीळ, ओवा, तेल शनिवारीच घरात हवं.

आता उकड. २ वाट्या भाजणीला पावणेदोन वाट्या पाणी. त्यात ३ मोठे चमचे तेल, तिखट, हळद, हिंग, ओवा, तीळ आणि मीठ घालून उकळी आणायची. गॅस बंद, इथे म्हणजे भांडं शेगडीवरून खाली. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, तिथेच ठेवलं तर उकड बुडाला लागते. भाजणी घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळायचं आणि झाकण ठेवून अर्धा तास विसरून जायचं. मग कोमट पाण्याचा हात लावत मळायचं, एका वेळी सोऱ्यात मावेल एवढाच गोळा.

सोऱ्याला आतून तेल लावा. बेकिंग पेपरचे तळहाताएवढे चौकोन कापून प्रत्येकावर एक चकली पाडायची, म्हणजे ती उचलताना मोडत नाही, कागदावरून अलगद तेलात सरकते. शेवटचं टोक दाबून चिकटवायचं काम आमच्याकडे लेकीचं. ते काम दुसऱ्या कुणी केलेलं तिला चालत नाही.

तळायला गोल बुडाची कढई नको, या शेगड्यांवर ती डगमगते. जाड, सपाट बुडाचं खोलगट पातेलं घ्या आणि निम्म्याच्या वर तेल भरू नका. सूर्यफुलाचं किंवा रॅपसीडचं रिफाइन्ड तेल चांगलं. इंडक्शनवर ‘बूस्टर’ला हात लावायचा नाही, तेल क्षणात धुरावतं. मी थर्मामीटर वापरते : चकली सोडताना साधारण १७० अंश. विजेची शेगडी उशिरा ऐकते, म्हणून तेल फार तापायच्या आधीच आच एक घर खाली आणायची. बुडबुडे कमी झाले आणि तेल शांत झालं की चकली तळली गेली. रंगावर जाऊ नका, रंग तिखट-हळदीचा असतो.

पहिली एकच सोडून बघा. पाडतानाच तुकडे पडले तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. काटे येत नसतील तर पीठ सैल झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. तेलात विरायला लागली तर मोहन जास्त पडलं, त्यालाही कोरडी भाजणीच. गार झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती : वरून झाली, आत राहिली.

तळताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म इथे सक्तीचे असतात, ते झाकून ठेवायचे नाहीत. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवून शेगडी बंद करा, पाणी चुकूनही नाही. उरलेलं तेल गार करून बाटलीत भरा आणि झाकण लावून साध्या कचऱ्यात टाका, सिंकमध्ये ओतू नका.

मी तळण सकाळी ११ ला सुरू करते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की भारत साडेचार तास पुढे, म्हणजे सासूबाईंची दुपारची झोप झालेली असते आणि त्या व्हिडिओवर बसून प्रत्येक घाण्यावर शेरे मारू शकतात. पहिली चकली देवापुढे ठेवायची, त्यांचं ‘आता खा’ येईपर्यंत कुणी डब्याला हात लावत नाही.

लाडूवाल्या घराला माझा एकच सल्ला असतो : तूप लोण्यापासून घरीच कढवा, आणि आंबवलेल्या सायीचं लोणी घ्या, पाकिटावर ‘साउअरराम’ लिहिलेलं असतं. त्याच्या तुपाला आपल्या घरच्या लोणकढ्याच्या जवळपासचा वास येतो. २५० ग्रॅमच्या पाकिटातून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. भारतातून तूप किंवा खवा बॅगेत आणायचा विचार सोडा, दुधाचे पदार्थ असे युरोपीय संघात आणता येत नाहीत.

मुलांचा किल्ला बाल्कनीत होतो, कुंडीच्या मातीचा. त्यावर पेरायला हळीव इथे सहज मिळतं : ‘क्रेसं’ नावाने बागकामाच्या विभागात मिळणारं बी म्हणजे आपलं हळीवच. दिवाळीच्या आठवडाभर आधी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा, वर माती नको. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि आठवड्यात डोंगर हिरवा. हळिवाच्या लाडवांना मात्र खायचं म्हणून विकलेलं बी घ्या, पेरायच्या बियांवर औषध लावलेलं असू शकतं.

शेजाऱ्यांना फराळ देताना डब्यावर चिठ्ठी चिकटवा : तीळ, दाणे, काजू, दूध, गहू यांतलं कशात काय आहे. ॲलर्जीचं लोक इथे गंभीरपणे घेतात, आणि न विचारता कळलं तर निवांत खातात. तिखट किती आहे तेही लिहा. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा चिठ्ठी वाचून आधी चकली संपवतात आणि करंजी बायकोला देतात. भाजणी उरली तर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, डिसेंबरात कडबोळी होतात.