फिल्टर बदलला, जिवाणू राखले

फोंड्यातील आमच्या घरच्या ८० लिटरच्या माशांच्या टाकीचा फिल्टर आषाढात खडखडू लागला, तरी मी तो लगेच काढला नाही, कारण माशांपासून पाण्यात सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंज, सिरॅमिक रिंग आणि खडीला चिकटून राहतात. पूर्वी एकदा मी स्पंज नळाखाली लख्ख धुतला होता आणि चौथ्याच दिवशी गप्पी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणूंची वसाहतच मारली होती. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

या वेळी जुना स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळला, त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर मुद्दाम राहू दिला आणि अर्धा भाग कापून नव्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, ठेवला. दोन्ही फिल्टर ५ आठवडे एकत्र चालवले व खाद्य निम्मे केले. पावसात वीज बराच वेळ गेली, की कॅनिस्टरमधला स्पंज काढून टाकीत सोडत असे, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि बंद डब्यात तो लवकर संपतो. अमोनिया व नायट्राइट सतत शून्य दिसत राहिले, तेव्हा चवथीच्या आदल्या आठवड्यात जुना फिल्टर उचलला.