डिझाइन कोड पाळूनही बीम कमी का पडतो? या चुका टाळा

कोडमधलं, म्हणजे बांधकाम डिझाइनच्या अधिकृत नियमावलीतलं, प्रत्येक सोपं सूत्र कुठल्यातरी पूर्ण अ‍ॅनालिसिसमधून गाळून आलेलं असतं. ते ज्या गृहीतकांवर उभं आहे ती सुटली की कलम शब्दशः पाळूनही डिझाइन चुकतं.

दोन स्पॅनच्या बीमला तक्त्यातले गुणांक लावणं

आयएस ४५६:२००० (काँक्रीटचा भारतीय कोड) मधल्या तक्ता १२ नुसार टोकाच्या शेजारच्या सपोर्टवर डेड लोडचा (कायमच्या भाराचा) मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, 'भार × स्पॅनचा वर्ग' याच्या १/१० धरायचा. तीन समान स्पॅनचा बीम हाताने सोडवून पाहा, सगळ्या स्पॅनवर भार असताना तिथे नेमका १/१० च येतो. दोन समान स्पॅन असतील तर मात्र मधल्या सपोर्टवर १/८ येतो. तक्ता वापरणारा तिथली वरची सळई साधारण २० टक्के कमी घालतो आणि मग त्या सपोर्टवर बीमला वरून तडा जातो. अट कलम २२.५.१ मध्येच आहे: किमान तीन स्पॅन, स्पॅनमधला फरक सर्वांत मोठ्या स्पॅनच्या १५ टक्क्यांच्या आत, एकसारखा छेद, भार बहुतांशी समान पसरलेला. यातली एक जरी अट बसत नसेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि मोमेंट डिस्ट्रिब्युशन (सलग बीम हाताने सोडवायची पद्धत) करा.

सपोर्टचा मोमेंट कमी केला, मधला वाढवलाच नाही

ही चूक सर्वांत घातक, कारण इथे थेट समतोल मोडतो. ६ मीटरचा बीम घ्या, दोन्ही टोकं जखडलेली, भार ४० किलोन्यूटन प्रति मीटर. टोकांना १२० आणि मध्यावर ६० किलोन्यूटन-मीटर येतात. बेरीज १८०, म्हणजे साध्या टेकलेल्या बीमचा मोमेंट. आता टोकांचा मोमेंट २० टक्क्यांनी उतरवला की तो ९६ होतो, आणि मध्यावर ८४ घ्यावाच लागतो. मध्याचा ६० तसाच ठेवला तर बेरीज १५६ भरते. उरलेले २४ किलोन्यूटन-मीटर पेलायला बीममध्ये सळईच नसते.

मोमेंट असा एका जागेवरून दुसरीकडे वळवण्याला, म्हणजे पुनर्वाटपाला, कोड ३० टक्क्यांपर्यंत मुभा देतो, पण ती छेदाच्या वळण्याच्या क्षमतेवर टेकलेली आहे. २० टक्के उतरवायचे तर न्यूट्रल अ‍ॅक्सिसची (छेदातला दाब आणि ताण यांच्या सीमेची) खोली प्रभावी खोलीच्या ०.४ पटीच्या आत हवी. फे ४१५ या सळईच्या प्रतीसाठीची नेहमीची ०.४८ ची मर्यादा इथे पुरत नाही. तक्त्यातल्या गुणांकांवर पुन्हा पुनर्वाटप करायला तर कोडची मनाईच आहे.

टॉर्शनमध्ये (पिळात) बीम फेल दिसला की छेद वाढवणं

दुय्यम बीम मुख्य बीमला बाजूने मिळतो तिथे हे हमखास दिसतं. छेद वाढवला की बीम आणखी कडक होतो आणि जास्त टॉर्शन ओढून घेतो. आधी एकच प्रश्न विचारा: या बीमची पीळ सोसण्याची ताकद शून्य धरली तर रचना उभी राहील का?

राहत असेल तर ते टॉर्शन केवळ जोडणीच्या सुसंगतीतून आलेलं आहे. तडे गेल्यावर बीमचा पिळाचा कडकपणा झपाट्याने घसरतो, म्हणून कोड तो दुर्लक्षित करू देतो. मॉडेलमध्ये टॉर्शनचा स्थिरांक जवळपास शून्य करा आणि पुन्हा रन करा. जुन्या निकालातला टॉर्शनचा आकडा नुसता खोडू नका, कारण तो मोमेंट आता दुय्यम बीमच्या मध्यावर गेलेला असतो. तिथली सळई तपासा आणि मुख्य बीमला बंद रिंगा द्याच.

पण बीमच्या एकाच बाजूला कॅन्टिलिव्हर छज्जा असेल आणि मागे स्लॅब नसेल, तर पीळ सोसल्याशिवाय तो छज्जा टिकूच शकत नाही. इथे सूट नाही. सुसंगतीच्या बाबतीत कोड हात सैल सोडतो, समतोलाच्या बाबतीत कधीच नाही.

कडकपणाचे गुणक आणि कोडची सरमिसळ

आयएस १८९३:२०१६ हा भूकंपाचा कोड काँक्रीटच्या कॉलमचा ७० टक्के आणि बीमचा ३५ टक्के जडत्व-आघूर्ण (वाकण्याला छेदाचा विरोध दाखवणारा आकडा) धरायला सांगतो. मॉडेल मऊ झालं की पीरियड (एका झोक्याचा वेळ) वाढतो आणि बेस शिअर (पायथ्याशी येणारं भूकंपाचं एकूण आडवं बल) कमी दिसतो. कोडच्या सूत्राने येणाऱ्या बेस शिअरपर्यंत तो वर आणायची पायरी राहिली, तर सगळी इमारत कमी बलावर डिझाइन होते.

स्टीलच्या फ्रेममध्ये एआयएससी ३६० या अमेरिकी स्टील कोडच्या डायरेक्ट अ‍ॅनालिसिस पद्धतीतून कॉलमचा लांबी-गुणक (बकलिंगसाठी लांबी किती पट धरायची तो आकडा) १ एवढाच उचलायचा आणि बाकी पद्धत सोडायची, हेही सर्रास होतं. तो १ चालतो कारण त्याच पद्धतीत कडकपणा ०.८ पट केलेला असतो, उभ्या भाराच्या ०.००२ पट काल्पनिक आडवा भार लावलेला असतो आणि अ‍ॅनालिसिस पी-डेल्टासह (झुकलेल्या रचनेवर उभ्या भाराने वाढणारा मोमेंट धरून) असतं. घ्यायचं तर चारही एकत्र घ्या.

पी-डेल्टा असेल तेव्हा डेड, लाइव्ह, वारा यांचे वेगवेगळे निकाल गुणून बेरीज करू नका. भार आणि विस्थापन यांचं नातं तिथे सरळ रेषेचं राहत नाही. आधी भारांना गुणक लावा, मग प्रत्येक कॉम्बिनेशन स्वतंत्रपणे सोडवा, आणि त्या प्रत्येकात रिअ‍ॅक्शनची (आधारांनी दिलेल्या प्रतिबलांची) बेरीज लावलेल्या भाराशी जुळते का ते बघा.