मृगाच्या तोंडावर ॲप सुरू करू नका: गावाकडच्या धंद्यात मोबाइल आणताना या चुका टाळा

कृषी केंद्र असो, जिनिंगची कापूस खरेदी असो, दालमिल असो की संत्र्याचं पॅकिंग, हल्ली प्रत्येक मालकाला हिशेब मोबाइलवर हवा आहे. त्यात चूक काही नाही. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या आडगावांत असे हिशेब बसवून देण्याचं काम मी करतो, आणि बसवलेलं कुठे मोडतं तेही पाहतो. ॲप वाईट निघालं म्हणून मोडलं असं क्वचितच होतं. नंबर कोणाचा, नोंद कोणी करायची, रिचार्ज कोण भरणार, टॉवर नसेल तेव्हा काय करायचं, यातलं काहीच न ठरवता मोबाइल पोरांच्या हातात दिला जातो. मग ऐन हंगामात सगळं पुन्हा वहीवर येतं, आणि अर्धा हिशेब इकडे, अर्धा तिकडे.

ऐन हंगामात सुरुवात

जूनचा पहिला आठवडा. काउंटरवर गर्दी, बाहेर ट्रॅक्टर उभे. कास्तकार म्हणतो, "अठरा-शेचाळीसच्या दोन बॅगा अन् वीस-वीस-झिरोची एक." अठरा-शेचाळीस म्हणजे डीएपी खत. पोरगा ॲपमध्ये अठरा-शेचाळीस शोधतो, सापडत नाही. कारण यादी भरणाऱ्यानं ते खत कंपनीच्या पूर्ण नावानं टाकलंय. मागचे लोक ओरडायला लागतात, पोरगा चिठ्ठीवर लिहून देतो आणि म्हणतो संध्याकाळी भरू. ती संध्याकाळ पुढचे तीन आठवडे येत नाही.

कृषी केंद्रानं एप्रिलमध्ये सुरू करावं. १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदलतं, गोदामात माल तुलनेनं कमी असतो, मोजदाद लवकर आटोपते. कापूस खरेदीवाल्यांनी पोळ्याच्या सुमारास हात बसवून घ्यावा, दिवाळीनंतर आवक वाढली की शिकवायला कोणाला सवड नसते.

मालाची यादी करताना नावं लोक बोलतात तीच टाका, कंपनीचं नाव मागे राहू द्या. आणि वजन नीट पाहा. युरियाची बॅग ४५ किलोची आहे, डीएपीची ५० किलोची. जुन्या सवयीनं दोन्हीला ५० टाकलं की शंभर बॅगा युरियावर पाच क्विंटलचा फरक कागदावर तयार होतो. खताची विक्री २०१८ पासून आधार जोडलेल्या सरकारी पॉस मशीनवर होतेच. म्हणजे तुमच्याकडे आता तीन साठे झाले: मशीनवरचा, ॲपमधला आणि गोदामातला. तपासणीला आलेला माणूस मशीनवरचा साठा गोदामाशी ताडून पाहतो, तुमच्या ॲपशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून रोज दुकान बंद करताना निदान युरिया आणि डीएपी तरी तिन्ही ठिकाणी जुळवा.

धान्याच्या आडतीत तर एकक आणखी फसवं. कट्टा म्हणजे किती? सोयाबीनचा वेगळा, तुरीचा वेगळा, कोणी बारदाना कापून सांगतो, कोणी न कापता. ॲपमध्ये फक्त किलो आणि क्विंटल ठेवा. कट्टे मोजायचेच असतील तर वेगळ्या रकान्यात, हमालीपुरते.

नंबर नोकराचा, धंदा मालकाचा

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दुकानात नवं पोरगं लागतं, त्याच्याकडे स्मार्टफोन असतो. मालक म्हणतो, तुझ्याच फोनवर व्हॉट्सॲप चालू दे. दोन वर्षांत आसपासच्या गावांतले सगळे गिऱ्हाईक त्याच नंबरवर ऑर्डर देतात, थकबाकीचे निरोप त्याच्याकडेच येतात, ॲपचं लॉगिनही त्याच्याच नंबरवर. मग तो पगारावरून सोडून जातो, किंवा चौकात स्वतःचं दुकान टाकतो. गिऱ्हाईक त्याच्या मागे गेलं म्हणून त्याला शिव्या देऊन काय उपयोग? नंबर त्याचा होता.

धंद्याची सिम मालकाच्या किंवा फर्मच्या नावावरच घ्या. एका माणसाच्या नावावर ९ सिम चालतात, त्यामुळे नावावर सिम बसत नाही ही सबब चालणार नाही. आपल्या नावावर आज किती नंबर आहेत ते संचार साथीच्या पोर्टलवर दिसतं. अनोळखी दिसला तर तिथेच तक्रार करता येते. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि एका नंबरला आणखी चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन मालकाच्या गल्ल्यावर ठेवायचा, काउंटरवरच्या आणि गोदामातल्या माणसाला जोडणी करून द्यायची. माणूस गेला की जोडणी काढली, विषय संपला. मुख्य फोन मात्र कपाटात बंद पडून राहू देऊ नका, १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात आणि मग सगळे म्हणतात व्हॉट्सॲप बिघडलं.

जीमेलचंही तेच. फोन विकणाऱ्यानं घाईत एक खातं बनवून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाही आठवत नाही. पुढे फोन बिघडला की बॅकअप असूनही हाती लागत नाही. फोन घेतल्या दिवशी धंद्याचं वेगळं खातं काढा आणि पासवर्ड घरच्या तिजोरीतल्या वहीत लिहून ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं शहाणे लोक सांगतात. गावाकडच्या दुकानात विसरण्याचा धोका चोरीपेक्षा मोठा आहे, असं माझं मत.

हंगामी धंद्यात आणखी एक गोची. खरेदी केंद्राची सिम कापसाच्या दिवसांत चालते, मग खणात पडते. सलग ९० दिवस वापर नसेल आणि खात्यात शिल्लकही नसेल, तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. त्या नंबरला बँक, यूपीआय, जीएसटी जोडलेलं असतं. ओटीपी कुठल्या तरी परक्या माणसाला जाऊ लागतो. बिनहंगामातही स्वस्तातलं रिचार्ज चालू ठेवा.

"ऑफलाइन चालतं" यावर विश्वास

विकणारा नागपुरात बसून सांगतो, टॉवर नसला तरी चालतं. धारणी-चिखलदरा किंवा भामरागड-एटापल्लीसारख्या जंगलपट्ट्यात काम असेल तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. मनरेगाच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर फोटो काढूनच घ्यायची सक्ती झाली. फोटो चढला नाही तर हजेरी लागली नाही, ही तक्रार देशभर गाजली. सरकारी कामाचं हे, तर आपल्या चार माणसांच्या धंद्याचं काय?

परीक्षा सोपी आहे. फोन फ्लाइट मोडवर टाका, दहा पावत्या भरा, फोन पूर्ण बंद करून चालू करा, मग नेट सुरू करा. दहाच्या दहा पावत्या वर गेल्या का, आणि एकेकदाच गेल्या का, ते ऑफिसच्या संगणकावर बघा. बऱ्याच ॲपमध्ये नेट ढिलं असलं की सेव्हचं बटण दोनदा दाबलं जातं आणि एकाच कास्तकाराच्या नावावर दोन पावत्या पडतात. चुकाऱ्याच्या, म्हणजे मालाचे पैसे देण्याच्या, दिवशी त्याला दुप्पट रक्कम दिसते, आणि ती चूक होती हे त्याला पटवताना नाकी नऊ येतात. पावतीवर वजनकाट्याच्या पावतीचा नंबर टाकणं सक्तीचं करा. तोच नंबर दुसऱ्यांदा आला की ॲपनं अडवलं पाहिजे, अडवत नसेल तर ते ॲप खरेदीच्या कामाचं नाही.

सिम दोन कंपन्यांच्या ठेवा. कोणत्या कंपनीचा टॉवर चांगला ते तालुक्याच्या ठिकाणी ठरवू नका, काट्यावर उभं राहून दुपारी आणि रात्री पाहा. गावात लाइन गेली की काही ठिकाणी थोड्या वेळानं टॉवरही जातो, म्हणून लाइन नसतानाही एकदा तपासा.

स्क्रीनशॉटवर माल देणं

"हे पाहा ना भाऊ, गेले पैसे." हिरवी खूण दिसते, माल गाडीत चढतो. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप सर्रास मिळतात. आणि माणूस प्रामाणिक असला तरी व्यवहार अडकलेला असू शकतो. पैसे आले हे आपल्या खात्यात बघायचं, त्याच्या फोनवर नाही. साउंडबॉक्स बोलला नाही तर घाबरू नका, त्यातही सिमच असते आणि तिलाही टॉवर लागतो. दुकानाच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी उघडा आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक ताडून बघा. काउंटरवरच्या पोराला ही यादी फक्त पाहण्यापुरती दिसेल अशी सोय बहुतेक व्यापारी ॲपमध्ये असते. ती करून द्या, म्हणजे प्रत्येक वेळी मालकाला फोन लागत नाही.

क्यूआर नोकराच्या खात्याचा ठेवू नका, एक दिवसासाठीसुद्धा नाही. आणि सगळ्यांना पाठ करून घ्या: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सरकारी योजनेच्या किंवा गाडीच्या चलानच्या नावानं एपीके फाइल येते, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. गावातल्याच ओळखीच्या माणसाकडून येते, कारण त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. ती उघडून बसवली की ओटीपीचे मेसेज चोराकडे. बँकेचं खातं जोडलेली सिम रोजच्या फिरत्या फोनमध्ये न ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय. फसवणूक झालीच तर पहिला फोन १९३० वर, लगेच. बँकेच्या शाखेत उद्या जाऊ म्हटलं की पैसे दहा खात्यांत फिरलेले असतात.

ऊन आणि धूळ

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन मंद करतो, मग बंद पडतो. बिघडलेला नसतो. सावलीत नेऊन कव्हर काढून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं. जिनिंगमध्ये चार्जिंगच्या भोकात सरकीची रुई बसते आणि पिन सैल होते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळूच काढली की बहुतेक वेळा नवी केबल घ्यावी लागत नाही.

ॲप अडलं की आधी काय बघायचं

लॉगिन होत नाही, ओटीपी चुकीचा म्हणतं: तारीख-वेळ आपोआपवर आहे का बघा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही फोनची तारीख मागे जाते.

नोंदी वर जात नाहीत: त्या ॲपला बॅटरी बचतीतून सूट द्या. स्वस्तातले बरेच फोन मागे चालणारी ॲप स्वतःहून मारतात.

फोन रांगतोय: साठवण भरली आहे. दहात नऊ वेळा गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या १५ जीबीतच मोजला जातो, तेही भरलं की बॅकअप मुकाट्यानं थांबतो.

बेरीज चुकते: मराठी कीबोर्डवरून टाकलेले आकडे बऱ्याच शीटना अक्षर वाटतात, बेरजेत घेतच नाहीत. आकड्यांच्या रकान्यात इंग्रजी आकडेच टाका.

आणि एक गोष्ट लाल शाईनं लिहून ठेवा. न चढलेल्या नोंदी फोनमध्ये असताना 'क्लिअर डेटा' दाबू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. मोबाइल दुरुस्तीवाला पहिला सल्ला हाच देतो आणि दिवसभराची खरेदी पुसली जाते. 'क्लिअर कॅश' चालतं, डेटा नाही.

माणसांना गृहीत धरणं

रिचार्ज मालकानं भरायचं. स्वतःच्या डेटावर दुकानाचे फोटो चढवायला कोणी मनापासून तयार होत नाही आणि का व्हावं?

जुन्या दिवाणजीला चार पोरांसमोर शिकवू नका. त्यांना कोणत्या कास्तकाराची किती उधारी आहे ते तोंडपाठ असतं, त्यांनाच रोजच्या नोंदी तपासायला बसवा. टाइप करायचं काम पोरांचं, चूक पकडायचं काम त्यांचं. वही आणि ॲप एक महिना बरोबर चालू द्या, त्यानंतर तारीख ठरवून वही बंद करा. तारीख ठरली नाही तर दोन्ही वर्षभर चालतात आणि भांडणात प्रत्येक जण सोयीची दाखवतो.

वसुलीवर फिरणाऱ्या पोरांच्या फोनवर लोकेशनचं ॲप टाकायचं असेल तर आधी सांगा, कामाच्या वेळेपुरतंच ठेवा. गुपचूप टाकलं आणि कळलं की पोरगा फोन पानठेल्यावर ठेवून हिंडतो. मालकाला दिसतं की गडी दिवसभर एकाच चौकात बसून आहे.

फोन हरवला तर

आधी सिम बंद, मग बँकेला फोन करून यूपीआय बंद, आणि हरवलेला फोन व्हॉट्सॲपला जोडलेला असेल तर मुख्य फोनमधून ती जोडणी काढा. पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरची नवी सिम काढा, आणि तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवर हँडसेट ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो. तो आजच *#०६# दाबून प्रत्येक फोनचा काढा आणि त्या त्या फोनच्या बिलावर लिहून बिल दुकानाच्या फाइलला लावा.