आयपीएमध्ये माल्ट शोधायचा असेल तर

आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ ही कडवट बिअर, म्हटलं की नाक मुरडणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. बहुतेकांनी एकाच जातीची आयपीए चाखलेली असते: फिकट, कोरडी, संत्र्याच्या सालीसारखी कडू. मलाही हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, कडूपणा हवाच असतो, पण त्याच्या तळाशी भाजलेल्या पावाची, कॅरॅमलची, थोडी बिस्किटाची चव असली पाहिजे. अशा आयपीए आजही बनतात. फक्त कॅनवर कोणी ‘माल्टची चव जास्त’ असं छापत नाही, त्यामुळे शोधाव्या लागतात. मी मिशिगनमध्ये राहते, घरी बिअर बनवते, आणि हा शोध माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

आधी माल्ट म्हणजे काय ते पाहू. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. आपण नाचणी सत्त्वासाठी नाचणीचं जे करतो, तेच. पुढची सगळी चव भाजण्यावर ठरते. पिल्सनर माल्ट जेमतेम शेकलेला असतो, त्याचा रंग वाळल्या गवतासारखा आणि चव सौम्य. म्युनिक माल्ट जास्त तापमानाला सुकवतात, त्यात पावाच्या कडेची चव येते. क्रिस्टल, म्हणजेच कॅरॅमल, माल्टचं तंत्र वेगळं: मोड आलेला दाणा ओला असतानाच फिरत्या ड्रममध्ये भाजतात. दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि कडक होऊन बसते. ही साखर यीस्टला पूर्ण पचत नाही, म्हणून तिचा गोडवा आणि टॉफीसारखी चव थेट ग्लासापर्यंत येते.

जवळपास घरी बिअर बनवण्याचं सामान विकणारं दुकान असेल तर तिथे जाऊन थोडे दाणे मागा आणि चावून बघा. आधी साधा पेल माल्ट, मग म्युनिक, मग क्रिस्टल ६० (आकडा रंगाच्या गडदपणाचा). पहिला कुरकुरीत आणि पिठूळ लागतो. म्युनिक चावताना तोंडभर खरपूस वास येतो. क्रिस्टलचा दाणा फोडलात की आतून काचेसारखा चकचकीत दिसतो, दाताला चिकटतो आणि जळक्या साखरेची चव मागे ठेवतो. या तीन चवी एकदा जिभेवर बसल्या की ग्लासातल्या बिअरमध्ये त्या आपोआप ओळखू येतात. माझ्या मते या शोधाची सुरुवात इथूनच करावी.

आता दुकानात. सगळ्यात मोठी अडचण अशी की ‘जरा कमी कडू आयपीए द्या’ म्हटलं की समोरचा माणूस हेझी, म्हणजे गढूळ दिसणारी, आयपीए काढून देतो. हेझी मऊ असते, गोडसर असते, पण तो मऊपणा ओट्स आणि गव्हाचा असतो आणि फळांचा वास हॉप्सचा. माल्ट तिथे जवळजवळ गप्प असतो. म्हणून ‘कमी कडू’ हे शब्दच वापरू नका. सरळ विचारा: तांबूस रंगाची, कॅरॅमल किंवा म्युनिक माल्ट घातलेली, जुन्या पद्धतीची आयपीए आहे का? ‘इंग्लिश आयपीए’, ‘रेड आयपीए’, ‘ब्राउन आयपीए’ ही नावं दिसली तर तिथे थांबा. आजच्या वेस्ट कोस्ट आयपीएपासून, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या फिकट, कोरड्या जातीपासून, मात्र लांब राहा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्यातही क्रिस्टल माल्ट सर्रास असायचा, आता बहुतेक ब्रुअरींनी तो जवळजवळ काढून टाकला आहे. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आयबीयूचा, म्हणजे कडूपणाच्या मापाचा, आकडा एकटा बघू नका, शेजारचा अल्कोहोलचा आकडाही बघा. डेलावेअरच्या डॉगफिश हेड ब्रुअरीची ‘९० मिनिट आयपीए’ ९ टक्के अल्कोहोलची आणि ९० आयबीयूची आहे. आकड्याने घाबरायला होतं. पण एवढं अल्कोहोल यायला माल्टही तितकाच भरपूर घालावा लागतो, आणि तोंडात आधी येते ती मनुका-टॉफीची जाड चव. उलट ६ टक्क्यांची, ६० आयबीयूची कोरडी बिअर जास्त बोचते. ‘९० मिनिट’ उकळताना हॉप्स नव्वद मिनिटं सतत थोडे थोडे घालत राहतात, नाव त्यावरूनच आलं. एक ग्लास दोघांत वाटून घ्यावा अशी ती बिअर आहे.

माझी सगळ्यात लाडकी मात्र सिएरा नेव्हाडा ब्रुअरीची सेलिब्रेशन आयपीए. ६.८ टक्के, तांब्याच्या भांड्यासारखा रंग, आणि १९८१ पासून दर हिवाळ्यात येते. डब्यावरचं बर्फातलं घर बघून अनेकांना ती दालचिनी-लवंग घातलेली नाताळची बिअर वाटते. मसाला त्यात अजिबात नाही. त्या हंगामातले ताजे वाळवलेले हॉप्स आणि खाली कॅरॅमल माल्ट, बस. दुकानात दिसली की लगेच घ्या, मार्चपर्यंत सहसा संपलेली असते. आमच्या मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची टू हार्टेड, ७ टक्क्यांची, एकाच जातीच्या म्हणजे सेंटेनियल हॉप्सची, इतकी माल्टकडे झुकत नाही, पण तिचा तोल उत्तम आहे. आयपीएला घाबरणाऱ्या पाहुण्याला मी आधी तीच देते. डॉगफिश हेडचीच इंडियन ब्राउन एल स्कॉच एल, आयपीए आणि ब्राउन एल यांच्या मधली आहे. माल्टकडे सरळ उडी मारायची असेल आणि ती कुठे मिळाली, तर घ्या.

इंग्लंडमध्ये असाल तर एक सावधगिरी. तिथे ‘आयपीए’ नावाखाली चार टक्क्यांहूनही कमी अल्कोहोलची बिअर मिळते, ग्रीन किंगची आयपीए तशीच. ती माल्टी असते, पण खरं म्हणजे ती साधी बिटर, म्हणजे इंग्लिश पबमधली रोजची हलकी एल, आहे. थॉर्नब्रिजची जयपूर ५.९ टक्क्यांची आणि सुंदर बिअर आहे, पण फिकट आणि अमेरिकन हॉप्सची, त्यामुळे या यादीत बसत नाही. यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथची ५ टक्क्यांची इंडिया एल मात्र नक्की बघा. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली कुठलीही बिअर दिव्याखालच्या फळीवरून उचलू नका, खोक्यातली मागा. उजेडाने हॉप्समधले घटक बिघडतात आणि उग्र दुर्गंधी येते.

‘मूळ आयपीए माल्टीच होती’ असंही तुम्हाला कोणी सांगेल. तसं नव्हतं. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून आणि १८२० च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंटहून मुंबई-कलकत्त्याला जी बिअर येत असे, ती फिक्या माल्टची आणि चांगलीच कोरडी होती. चार-सहा महिने जहाजावर पिंपात मुरल्यावर तिचा हॉप्सचा मारा नरम व्हायचा, इतकंच. कॅरॅमलची चव हे नंतरचं देणं आहे. ते आवडायला प्राचीनत्वाचा दाखला लागत नाही.

आता तारीख. हा मुद्दा कृपा करून सोडू नका. आयपीए शिळी झाली की हॉप्सचा वास आधी जातो, मग तिच्यात ओल्या पुठ्ठ्याची किंवा शिळ्या मधाची गोडसर चव येते. पुष्कळांना तो माल्ट वाटतो. तो ऑक्सिडेशनचा, म्हणजे बिअरला ऑक्सिजन लागल्याचा, दोष आहे. एका दुकानाने मला ‘ही छान माल्टी आहे’ म्हणून जी दिली, तिच्या तळावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती. कॅन उलटा करून बघा, शक्यतो तीन महिन्यांच्या आतली घ्या. ‘बेस्ट बाय’पेक्षा भरल्याची तारीख छापलेली असेल तर उत्तम. भारतात आयात केलेल्या कॅनवर तर हे आधी बघा.

पुण्या-मुंबईत असाल तर ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये, हा प्रश्नच फारसा येत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, त्यानंतर ताजी बिअर नळावर मिळण्याची सोय बरीच वाढली. नळावर काय आहे ते बदलत राहतं, म्हणून आधी चाखायला छोटा ग्लास मागा. ब्रूअर जागेवर असेल तर विचारा, यात म्युनिक किंवा क्रिस्टल आहे का. आपल्या बिअरबद्दल कोणी इतकं खोलात विचारलं की ही मंडळी आनंदाने सांगतात. आयपीएत नसेल तर नळावरची अँबर एल किंवा इएसबी (जास्त दमदार इंग्लिश बिटर) चाखा, हवी ती चव तिथे असण्याची शक्यता जास्त.

घरी बनवणाऱ्यांसाठी माझं प्रमाण: २० लिटरला ४.८ किलो मॅरिस ऑटर (इंग्लिश पेल माल्ट), ६०० ग्रॅम म्युनिक, ३०० ग्रॅम क्रिस्टल ६०. मॅश, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६८ अंश सेल्सिअसला. ६४-६५ ला केलात तर यीस्टला पचणारी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी होते. यीस्ट इंग्लिश घ्या, हॉप्स ईस्ट केंट गोल्डिंग्ज. क्रिस्टल याहून वाढवू नका, बिअर पाकासारखी चिकट होते.

शेवटी पिण्याबद्दल. फ्रीझरमधला बर्फाळ ग्लास नको. कॅन फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, १० ते १२ अंशांच्या आसपास माल्ट बोलू लागतो. अर्धा ग्लास लगेच प्या, उरलेला तसाच ठेवून थोड्या वेळाने प्या, फरक कळेल. सोबत खमंग भाजणीचं थालीपीठ आणि लोणी घ्या, किंवा सुकं मटण. फार तिखट रस्सा असेल तर ९० मिनिट नको, अल्कोहोल आणि तिखट एकमेकांना भडकवतात. तिथे टू हार्टेडच बरी.