एकेका पात्राचे संवाद वेगळे काढून वाचा
कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी एका पात्राचे सगळे संवाद कॉपी करून वेगळ्या फाइलमध्ये क्रमाने लावा, प्रत्येकापुढे प्रकरणाचा आकडा टाका. निवेदन अजिबात घेऊ नका. मग मोठ्याने वाचा. सलग वाचलं की कानाला लगेच खटकतं: दुसऱ्या प्रकरणात सासऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणणारी सून नवव्यात कारण नसताना ‘तू’वर आलेली असते. तुटक बोलणारा म्हातारा मध्येच चार-चार ओळी बोलतो; बहुतेकदा तिथे लेखकालाच वाचकाला माहिती पुरवायची असते. ती निवेदनात हलवा. दुरुस्ती मात्र मूळ प्रसंगात जाऊनच करा, नाहीतर समोरच्याचं उत्तर जुन्याच वाक्याला दिलेलं राहतं. मुख्य दोन-तीन पात्रांपुरतं केलं तरी पुरे.