ग्लेझिंगच्या या चुका टाळा: आधी भांड्याचा आकार बघा, मग बादलीकडे जा

मातीची भांडी शिकणाऱ्यांची नवीन बॅच आली की ग्लेझिंगमध्ये, म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर चढवताना, तेच तेच प्रकार बघून जीव जातो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात घातक म्हणजे एकावर एक दोन ग्लेझ, तेही पार बुडापर्यंत. गेल्या पावसाळ्यात आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत एका मुलीने उंच फुलदाणी केली होती, खांदा गोल, खाली निमुळती, चाकावर इतकी छान उतरली होती की सगळे थांबून बघत होते. पहिल्या भाजणीनंतर तिला दुसऱ्याच दिवशी ग्लेझ करायचं होतं, टेस्ट टाइल (ग्लेझ आधी तपासायचा मातीचा छोटा तुकडा) नको म्हणाली, पांढऱ्यावर टेनमोकू (लोहाचं काळं-तपकिरी ग्लेझ) चढवलं आणि भट्टी १२२० अंशांना गेली. दोन ग्लेझ एकत्र आली की बरेचदा ती वेगवेगळी असतात त्यापेक्षा लवकर वितळतात, आणि तिच्या त्या सरळ उतरत्या भिंतीवर त्यांना अडवायला काहीच नव्हतं. सगळं भट्टीतल्या शेल्फवर ओघळलं, फुलदाणी चिकटली, छिन्नीने सोडवताना बूड गेलं, शेजारी ठेवलेली दुसऱ्या कुणाची वाटीपण गेली.

मी दुसरं ग्लेझ फक्त वरच्या एक तृतीयांश भागात लावते आणि ट्रिमिंग (अर्धवट वाळलेलं भांडं खरवडणं) करतानाच खांद्याखाली एक खाच काढून ठेवते, ओघळ तिथे जमतो आणि दिसतोही सुंदर. ग्लेझ चिकटू नये म्हणून बुडाला वॅक्स, म्हणजे मेण, वर बोटभर जागा कोरी. टेस्ट टाइल उभीच भाजायची, आडवीवर वाहणं कळतच नाही.

दुसरं, तासन् तास नक्षी कोरायची आणि वरून जाड अपारदर्शक पांढरं ओतायचं! कोरीव कामावर सेलाडॉनसारखं (फिकट हिरवट) पारदर्शक ग्लेझ घ्या, ते खाचेत साचून गडद होतं आणि कडेवर फिकं पडतं, नक्षी त्यानेच उठते. टेनमोकू हवं असेल तर काठ धारदार ठेवा, तिथे ते पातळ होऊन तपकिरी दिसतं. जाड गोलमटोल काठावर ही मजा येत नाही.

बाकी, बिस्कला, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजलेल्या भांड्याला, क्रीम लावलेले हात लावू नका, ग्लेझ आकसून टक्कल पडतं. ग्लेझची बादली तळापासून ढवळा, वरचं पाणी लावून रंग फिका आला म्हणून रडू नका. आणि जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत पंख्याखाली ठेवलं म्हणजे वाळलं असं समजू नका, कच्चं भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे, बिस्कच्या भट्टीत वाफेने फुटेल. मी तरी तेव्हा अजून आठवडाभर थांबते, कुणी कितीही घाई केली तरी.